दाराजवळची खुर्ची

सहलीला जायचं म्हणलं की लोकांच्या अंगात उत्साह येतो, माज्या कंबरंत कळ येती. खोटं कशाला बोलू? घरातली चार माणसं एक दिवस हिंडणार म्हणजे बाईनं दोन दिवस आधी राबायचं आन दोन दिवस नंतर निस्तरायचं. मधल्या दिवशी काय बगितलं म्हणाल, तर पिशव्या बगितल्या. शनिवारवाड्याला गेलो तवा माजा धाकटा, यशराज, कडंवर, त्याच्या अंगात ताप. समदी आत गेली, मी दारात. दरवाजा लय मोठा हाय आन त्याला खिळं हायती, एवढं मी छातीठोक सांगते, कारण त्याच्याकडंच बगत बसले व्हते. महाबळेश्वरला गेलो तवा पॉइंटावर मंडळी फोटो काढत्यात, आन मी आत्यांचा हात धरून इचारत हिंडती, "दादा, हितं बायकांची सोय कुठं हाय?" महाबळेश्वरातल्या समद्या सोयी मला तोंडपाठ हायती.

आत्या म्हणजे माजी सासू, चंद्राबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणत्यात. पंच्याहत्तरी गाठली, दात बळकट, नजर घारीची, जिभंचं तर इचारूच नका. पण लघवी काय त्यास्नी धरवत न्हाई, आन परक्या जागी एकटीनं जायचं म्हणजे घाबरत्यात. मग क्रांती हायच. क्रांती म्हणजे मी. बापानं मोठ्या हौसेनं नाव ठेवलं. सासरी येऊन मी एकच क्रांती केली, चुलीवरनं गॅसवर आले.

आमचे हे, धनाजीराव, फौजेत हवालदार व्हते. आता कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर बसत्यात. फौज सुटली, पण शिट्टी न्हाई सुटली. सहलीला निघताना दारात उभं राहून शिट्टी मारत्यात आन "फॉलीन!" म्हणत्यात. शेजारच्या आकाराम भाऊजींचं कुत्रंबी आता त्या शिट्टीला येऊन उभं ऱ्हातं.

मला ना डोंगर बगायची हौस, ना वाडा बगायची. माजी हौस एकच, नाटक. पडदा उघडल्यापास्नं पडदा पडंस्तवर, एका जागी बसून, कुणी हाक न मारता, एक अख्खं नाटक बगायचं. हसाल तुमी. पण माजं माहेर शिराळ्याकडंचं. गावात जत्रंला नाटक व्हायचं, तवा आमी पोरं सांजच्यालाच गोधडी घिऊन पुढची जागा धरायचो, आन नाटक रंगात आलं की मी त्याच गोधडीवर झोपून जायची. सकाळी आई भाकरी थापत असायची, तिला इचारायची, "मग काय झालं गं आई?" ती थापता थापता सांगायची. पुढं कॉलेजला सांगलीत आले. गॅदरिंगच्या नाटकात मला काम मिळालं, सरांनी मुद्दाम निवडलं व्हतं. समदं पाठ केलं. आन तेवढ्यात लग्न ठरलं. गॅदरिंगच्या दिवशी मी हळदीला बसले व्हते. स्थळ कुपवाडचं, सांगलीला लागूनच. मला वाटलं, जाऊ द्या, काम करायचं न्हाई तर न्हाई, नाटकाच्या गावाला तर दिली. जलमभर बगायला मिळतील.

मिळाली, बाहेरनं. एकदाच ह्यांच्या कारखान्यानं पास दिलं म्हणून समदी गेलो. पडदा उघडला, दोन माणसं आली, काय तरी बोलली, लोक हसली, आन आत्यांनी माजी बांगडी ओढली. बाहेर आलो, परत आत जायला गेलो तर पुन्हा बांगडी. मग आत्या म्हणल्या, "लोकांच्या पायावरनं किती बारी जायचं गं? हितंच बसू." बसलो पायरीवर. आतनं लोक हसायचे, हसायचे, मधनंच गप व्हायचे. कशाला हसले, कशाला गप झाले, आजतागायत मला ठाऊक न्हाई.

तर ह्या पौषात शिवांजलीचा फोन आला. शिवांजली माजी थोरली, पुण्यात एका दवाखान्यात नर्स हाय. म्हणली, "मम्मी, रविवारच्या नाटकाची पाच तिकिटं काढलीत. दुपारी साडेबाराचा खेळ. मधली रांग, अगदी मधल्या खुर्च्या. ह्या टायमाला तू बगायचंच."

मी कणीक मळत व्हते. हात तसाच पिठात ऱ्हायला. ध्यानीमनी नसताना डोळ्यात पाणीच आलं बगा माज्या. मग मी बोटं मोजली. हे, मी, यशराज, शिवांजली. पाचवं कोण? इचारलं, तर पोरगी म्हणली, "आज्जी."

"झालं!" मी म्हणले. "मग कशाला गं मधल्या खुर्च्या काढल्यास? आत्या आल्या म्हणजे माजं नाटक संडासाच्या दारात. पैसं पाण्यात घातलंस. माज्या नशिबात नाटक न्हाईच, माज्या नशिबात सोय शोधणंच हाय."

बोलून वळले तर आत्या स्वैपाकघराच्या दारात. हातात सूप, त्यात निवडाय घेतलेला लसूण. ऐकलं का न्हाई, तोंडावरनं काय कळंना. सूप ओट्यावर ठेवलं आन म्हणल्या, "मला बी येयाचं हाय पुण्याला. माजं बी तिकीट हाय म्हणं." मी मनात म्हणले, या की, तुमच्याबिगर कसं हुईल माजं. मला माजीच लाज वाटत व्हती आन रागबी येत व्हता.

बरं, नाटकापुरतं पुण्याला जाऊन यावं, तर ह्यांना ते पटायचं कसं? पेट्रोल जाळून जायचं आन एकच काम करून यायचं? ह्यांनी बेत आखला. पहाटं निघायचं, पर्वती चढायची, गणपतीचं दर्शन, मग नाटक, नाटकानंतर तुळशीबाग, मग सारसबाग, मग परत. मी म्हणले, "आवं, माणसं हाय का मेंढरं?" तर म्हणले, "टाइम म्हंजे टाइम. चढाईला गेल्यावर दमलो म्हणायचं नसतं."

म्हणायचं नसतं! ह्यांना काय, शिट्टी मारली की झालं. शनिवारी रात्री मी धपाटी लाटाय बसले. बाहेरचं खाऊन ह्यांच्या पोटात जळजळतं, यशराजला शेंगदाण्याची चटणी पाहिजे, शिवांजलीसाठी डिंकाचं लाडू आन घट्ट दही. डबं भरून अंग टाकलं न टाकलं तवर शिट्टी. त्या रात्री मी झोपले असं मी तरी म्हणणार न्हाई.

गाडीत यशराज चालवाय, हे त्याच्या शेजारी, मागं मी आन आत्या, मधी धपाट्याची पिशवी. इस्लामपूर गेलं, कराड आलं. हायवेला चहाला थांबलो. मी पहिल्यांदा आत्यास्नी मागं नेऊन आणलं, मग चहाचा कप हातात दिला. आत्यांनी कप माज्याकडंच सरकवला.

"नगं. आज उपास हाय माजा."

"कसला वं? आज रविवार."

"यमाईचा. आपल्या देवीची औंधाला जत्रा हाय ह्या महिन्यात. निर्जळी धरलाय."

आता तुमीच सांगा. आमचं कुलदैवत औंधची यमाई, हे खरं. पण लग्न होऊन आल्यापास्नं ह्या घरात निर्जळी म्हणून उपास मी बगितला न्हाई. आमच्यात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू आन दिवसभर चहाचं आदण उतरत न्हाई. एकादशी दुप्पट खाशी म्हणत्यात ते आमाला बगूनच. आन ह्या बाईला निर्जळी सुचली ती नेमकी सहलीच्या दिवशी! मी म्हणले, "आत्या, वय काय तुमचं? चक्कर येऊन पडला म्हणजे? घोटभर पाणी तरी घ्या."

"एकदा धरला म्हणजे धरला."

ह्यांनी पुढनं मान हलवली. "आईची जिद्द हाय. फौजेत असती तर सुभेदार झाली असती." माजं डोकं असं फिरलं म्हणता! मला वाटलं, म्हातारी रुसली. त्या दिवशी बोललेलं ऐकलं आन आता सूड उगवती. भर नाटकात चक्कर यायची, मग आपण हायच, पदरानं वारा घालत पायरीवर. मी त्यो चहाबी पिऊन टाकला आन खिडकीकडं तोंड करून बसले. सातारा गेलं, खंबाटकीचा घाट गेला, मी मान वळवली न्हाई.

पुण्यात शिवांजली येऊन भेटली. रातपाळी करून आली व्हती, तरी हसत व्हती. पर्वतीला हे आन यशराज चढून गेलं, त्यास्नी वर जाऊन खाली कुपवाड दिसतंय का बगायचं असंल. मी खाली, चपला आन पिशव्या. शिवांजली म्हणली, "मम्मी तू जा, मी बसते." पण माज्या गुडघ्यात त्राण कुठलं? तिथंच झाडाखाली डबं उघडलं, ह्यांना वाढलं, पोरास्नी वाढलं, आपण उभ्यानं दोन घास खाल्लं. आत्या लांब तोंड करून बसल्या व्हत्या. ओठ सुकलं व्हतं, जीभ फिरवत व्हत्या. मी पाण्याची बाटली नुसती पुढं केली. त्यांनी मान फिरवली. शिवांजली माज्या कानात म्हणली, "मम्मी, आज्जीला काय झालंय?" मी म्हणले, "देवी अंगात आलीया."

गणपतीच्या रांगंत उभं ऱ्हाऊन पायाचं तुकडं पडायची येळ आली. ह्यांचं घड्याळाकडं लक्ष, माजं आत्यांकडं. आता म्हणतील, मग म्हणतील. पण आत्या काय बोलंनात. नाटकाच्या दारात पोचलो तवा मीच म्हणले, "आत्या, चला, आधी जाऊन येऊ." गेलो, आलो. म्हणल्या, "आता काय काळजी करू नगंस." मी मनात म्हणले, काळजी कशाची, मला समदं पाठ हाय.

आत गेलो. आई गं, काय त्या खुर्च्या! लाल, मऊ, बसलं की माणूस आत आतच जातंय. पिशव्या गाडीत व्हत्या. हातात काय न्हाई. कडंवर कोण न्हाई. एकीकडं शिवांजली, एकीकडं आत्या, पुढं मोठा पडदा. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. मी पदर खोचून सावरून बसले, जसं काय मलाच काम करायचं हाय. तिसरी घंटा झाली, दिवं गेलं. थंडगार वारं यायला लागलं. आन पडदा उघडला.

एक दिवाणखाना व्हता. सोफा, खिडकी, एका बाजूला स्वैपाकघराचं दार. त्या दारातनं एक बाई चहाचा ट्रे घिऊन आली. चांगली ठसठशीत बाई, हिरवं लुगडं. नवरा पेपर वाचतोय, पोरं मोबाइलमधी. बाईनं ट्रे ठेवला आन लोकांकडं बगितलं. आता ही काय तरी बोलणार. मी पुढं वाकून बगाय लागले. बांगडीवर एक कान ठेवलाच व्हता. बांगडी काय हलली न्हाई.

आन मग टाळ्या.

टाळ्या लय जोरात. मी दचकून बगितलं, तर समदी लोक उभी. दिवं लागल्यालं. स्टेजवर ती बाई, तिचा नवरा, पोरं, आणिक दोन-चार माणसं ओळीनं हात जोडून उभी. मला वाटलं, आत्ताच तर आली ही, आत्ताच काय नमस्कार करती? म्हणून मीबी टाळ्या वाजवाय लागले. आन वाजवता वाजवता माज्या गालाला काय तरी ओलं लागलं. लाळ व्हती. आत्यांच्या खांद्यावर पदराला ओला डाग पडला व्हता. तवा मला कळलं.

मी म्हणले, "शिवांजली, मध्यंतर झालं का?"

पोरीनं मान खाली घातली. "संपलं, मम्मी."

"संपलं? आन मला उठवलं न्हाईस?"

काय सांगू तुमाला. माज्या आतनं जे काय वर आलं ते रडूबी न्हवतं आन रागबी न्हवता. मी तिथंच उभी ऱ्हाऊन ओरडले, "तुमी माणसं हाय का कोण? ह्या एका गोष्टीसाठी मी आले व्हते! एवढी जलमभर उठवता मला, चहाला उठवता, डब्याला उठवता, शिट्टी मारून उठवता. आजच कुणाला उठवाय येईना?" लोक जाता जाता बगाय लागले. हे म्हणले, "आगं हळू, मला वाटलं तू डोळं मिटून ऐकतीयास." यशराज मोबाइलमधी बगाय लागला. शिवांजली रडवेली झाली. "मम्मी, मी मध्यंतरात उठवणार व्हते. आज्जीनं माजा हात धरला. सोडलाच न्हाई."

मी आत्यांकडं वळले. आज काय ते एकदा बोलूनच टाकणार व्हते. पण आत्या पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभ्या व्हत्या. तोंड पिवळं पडल्यालं, कपाळावर घाम.

"क्रांते," त्या म्हणल्या, "काय बोलायचं ते मग बोल. आधी मला घिऊन चल. आता माज्यानं दम धरवत न्हाई."

बाहेर बायकांची ही एवढी रांग. मी आत्यांचा हात धरून ओरडत पुढं घुसले, "बाई, सरका, म्हातारं माणूस हाय, सरका!" कोण रेशमी साडीवाली काय तरी बोलली, मी तिच्याकडं बगितलंबी न्हाई. पोचवलं. दाराबाहेर उभी ऱ्हायले. शिवांजली मागनं येऊन आपली पाण्याची बाटली माज्या हातात कोंबून गेली. आन तवा माज्या टकुऱ्यात लख्ख उजेड पडला. आत जायच्या आधी मी न्हेलं व्हतं ते न्हेलं. अख्खं नाटक ही बाई जागची हलली न्हाई. जी कधी आकाराम भाऊजींच्या घरची सत्यनारायणाची कथा संपंस्तवर बसली न्हाई, ती.

आत्या बाहेर आल्या, तोंडावर पाणी मारलं आन म्हणल्या, "पाण्याची बाटली दे."

"उपास?"

"कसला उपास आन कसलं काय. आण हिकडं."

बाटली तोंडाला लावली आन घटाघटा प्यायला लागल्या. हनवटीवरनं पाणी गळतंय, पदर भिजतोय, भान न्हाई. अर्धी बाटली सपवून श्वास घेतला. मग म्हणल्या, "तूच म्हणलीस न्हवं का, आत्या आल्या म्हणजे माजं नाटक संडासाच्या दारात. खोटं न्हवतं. पण मलाबी यायचं व्हतं गं. मीबी कवा बगितलं न्हवतं. म्हणलं, वरनं घातलंच न्हाई तर खालनं यील कुठनं? नुसतंच पाणी सोडलं असतं तर तू मला सोडली न्हसतीस, बळंच पाजलं असतंस. देवीचं नाव घेतलं की माणूस गप बसतं."

मी बाटली घिऊन बूच लावलं. मग म्हणले, "मग मला उठवाय काय झालं व्हतं, आत्या? तुमी पहाटंपास्नं तहानलेल्या बसला, कुणासाठी? मी झोपावं म्हणून?"

"उठवणार व्हते की. बांगडीला हात लावला. आन तुजं तोंड बगितलं." आत्यांनी पदरानं हनवटी पुसली. "लगीन होऊन आलीस त्या दिवशी असंच झोपलीस, वरातीत, गाडीत. त्यानंतर तुला झोपल्याली मी आज बगितली. म्हणलं, नाटक काय पुन्हा व्हतंय."

मी तिथंच नळापाशी भिंतीला टेकून रडले. मोठ्यानं रडले. त्या रेशमी साडीवालीनं इचारलं, "काय झालं हो?" आत्या म्हणल्या, "काय न्हाई, नाटक लय चांगलं व्हतं."

बाहेर आलो तर हे घड्याळ बगत उभे. "उशीर झालाय. चलो, तुळशीबाग." मी गाडी उघडली, धपाट्याची पिशवी काढली, चपलांची काढली, शिवांजलीच्या लाडवाची काढली आन समद्या ह्यांच्या हातात दिल्या. म्हणले, "तुमी बसा हितं पायरीवर, पिशव्या धरून. आमी बायका चहा पिऊन येतो." ह्यांनी तोंड उघडलं, शिट्टीकडं हात न्हेला, आन कशानं कुणास ठाऊक, पायरीवर जाऊन बसले. पोरीनं आमाला जवळच चहा पाजला. आत्यांनी दोन कप घेतलं, वर पुन्हा पाणी. तुळशीबाग ऱ्हायली. सारसबागबी ऱ्हायली. कुणाला काय दुःख झालं न्हाई.

परत येताना जी मजा झाली ती इचारू नका. एवढं पाणी, एवढा चहा, त्यो काय पोटात मुक्काम करणार व्हय? शिरवळला थांबलो. सुरूरला थांबलो. साताऱ्याच्या अलीकडं थांबलो. हे म्हणले, "आता ही काय गाडी हाय का यष्टी?" पण बारक्या आवाजात. दर टायमाला मी आधी उतरायची, आत्यांचा हात धरायची, सोय शोधायची. आन जाता-येता आत्या मला नाटक सांगायच्या.

"ती बाई असती का न्हाई, हिरव्या लुगड्याची, ती चहा आणून ठिवती आन ठरवती, आजपास्नं बोलायचं न्हाई. एक शब्द न्हाई."

"मग?"

"मग काय! कुणाला पत्ताच न्हाई. नवरा बोलतोय, पोरं बोलत्यात, पाव्हणं येत्यात, जात्यात. ती समदं करती, चहा, जेवाण, धुणं. ही बोलत न्हाई हे एकालाबी कळत न्हाई. लोक लय हसली तिथं."

"तुमी हसला?"

"हसले की. मग उगीच वाईटबी वाटलं. हळू चाल, माजा पाय अडकतोय."

साताऱ्यापुढं पुन्हा थांबलो, तवा कळलं की त्या घरात भांडी घासायला बाई येती, तिला एकटीला समजतं. ती कामवाली कशी बोलती, ते आत्यांनी हायवेच्या कडंला कंबरंवर हात ठिवून करून दाखवलं. ट्रकवाल्यांचं दिवं त्यांच्या अंगावर पडत व्हतं आन माजी सासू भांडी घासत व्हती. मी पोट धरून हसले. माजी आई अशीच सांगायची, भाकरी थापता थापता. ती जाऊन किती वर्सं झाली, आन मला आत्यांच्या तोंडात तिचा आवाज आल्यागत झालं.

कराड गेलं. शेवटचं म्हणून पेठ नाक्याच्या अलीकडं एका पेट्रोल पंपाला गाडी लावली. समोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली व्हती. बाहेर येताना मी इचारलं, "मग शेवटाला? बोलली का ती बाई?"

"बोलली की. समदी घरातली गोळा झाली. नवरा हात जोडून उभा ऱ्हायला. लोक अशी गप, टाचणी पडली तरी ऐकू यावी. आन मग बोलली ती."

"काय म्हणली?"

आत्या थांबल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडत्यात का काय, तर खांदं हलत व्हतं, हसत व्हत्या.

"आगं, तवा मला एवढ्या जोराची लागली व्हती, माजं समदं ध्यान खालीच. दात-ओठ दाबून बसले व्हते. काय म्हणली, देवाला ठाऊक! एक अक्षर ऐकलं न्हाई मी."

गाडीतनं यशराजनं डोकं बाहेर काढलं. "मम्मी, मी सांगू का शेवट?"

"गप बस," मी म्हणले. "तू एक अक्षर बोलायचं न्हाई."

आत्यांचा हात धरून मी तिथंच दिव्याखाली जरा उभी ऱ्हायले. पाय सुजलं व्हतं, कंबर तर माजी ऱ्हायलीच न्हवती. घरी जाऊन डबं घासायचं व्हतं. म्हणले, "आत्या, पुढल्या बारीला आपण दोघीच येऊ, यष्टीनं. मधली खुर्ची नगं. दाराजवळची दोन तिकिटं काढाय सांगते शिवांजलीला. तुमी पोटभर पाणी प्यायचं, आन लागलं की बांगडी ओढायची. जाऊन येऊ, पुन्हा बसू. ऱ्हाईल तेवढं ऱ्हाईल."

आत्या गाडीत चढताना म्हणल्या, "येते. पण तू आदल्या दिवशी घरनं झोपून निघ."